सुताराचं ‘नाही’

३ फेब्रुवारी, सोमवार

तीन मिनिटं! देवाला तीन मिनिटांत बसवा म्हणे! त्यापेक्षा एक सेकंद जास्त झाला की लोक अंगठा फिरवतात आणि पुढे जातात — इति आमचे नवे फादर. येऊन सहा महिने झाले नाहीत तोवर चर्चचा चॅनेल काढला, वेदीसमोर दोन दिवे लावले, तिसऱ्या खांबावर कॅमेरा बसवला. मी मनातल्या मनात त्यांना फादर तीन-मिनिटं म्हणते. वय चौतीस. उत्साह नुसता उतू जातोय.

आता बिशप हाउसने स्पर्धा काढली आहे. ‘नव्या माध्यमांतून सुवार्ता.’ प्रत्येक धर्मग्रामाने एका माणसाची साक्ष चित्रित करून पाठवायची — देवाने त्याच्या आयुष्यात काय केलं, त्याच्याच तोंडून. आमच्याकडून सुतार. बावीस वर्षं दारू प्यायला, पाच वर्षांपासून बंद आहे. शूटिंग आणि एडिटिंग अर्थात मी! धर्मग्रामात दुसरं आहे कोण? लग्नांचे व्हिडिओ कापून कापून माझी मान गेली, आता साक्षी कापा.

नाही म्हणणार होते. तर म्हणतात कसे, “ताई, लोक चर्चमध्ये येत नाहीत, फोनमध्ये येतात. मग मी कुठे जाऊ, तुम्हीच सांगा.”

हो म्हटलं. स्वतःचाच राग आला.

५ फेब्रुवारी, बुधवार

सुताराच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे एक लांब खोली, रंध्याची यंत्रं दोन, कोपऱ्यात चर्चची तीन बाकं उलटी करून ठेवलेली — पाय बदलायला. सरसाचा वास. कॉलर माइक लावला तर शर्टावरचा भुसा माइकमध्ये कुरकुरायला लागला. बायकोने धुतलेला शर्ट आणून दिला. ती दाराशी उभी राहिली. म्हटलं, आत या. तर म्हणाली, “नको. मी समोर असले की तो माझ्याकडे बघून बोलेल, मग खरं बोलणार नाही.”

चौदा मिनिटं बोलला. एकदाही थांबवावं लागलं नाही. लेन्सकडे बघा सांगितलं तरी बघेना, माझ्याचकडे बघत होता. पिऊन बहिणीच्या लग्नाला गेलाच नाही, ते सांगितलं. हत्यारांची पेटी विकली होती, ते सांगितलं. मग म्हणाला —

“लोकांना वाटतं, वेदीसमोर गुडघे टेकले, प्रार्थना केली आणि दारू सुटली.” मग खोकला. भुशाचा जुना खोकला आहे त्याला, चांगला लांबलचक. “नाही हो. अशी नाही सुटली. तीनदा परत प्यायलो. मग डॉक्टर, गोळ्या, सात महिने. अजून दर गुरुवारी दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जातो. देव काय करतो विचाराल तर देव मला त्या दारापर्यंत चालवत नेतो. आत मलाच जावं लागतं. रोज सकाळी हवीशी वाटते. आज सकाळीपण वाटली.”

बायको दाराशी होती. तिने पदराने नाक पुसलं आणि आत गेली.

मी सामान आवरलं. परत आल्यावर सगळं चित्रण, काही न कापता, फादरांना पाठवलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फादरांचा व्हॉइस निरोप. तीन मिनिटांच्या व्हिडिओसाठी साडेपाच मिनिटांचा निरोप! दीडपट वेगाने ऐकायला घेतला. सुरुवात गुडघ्यांपासून करा, पहिल्या पाच सेकंदांत माणूस धरला पाहिजे, खोकला काढा, बहिणीचं लग्न थोडक्यात, तीन मिनिटांच्या आत आणा… अर्ध्यात बंद केला. समजलं. बावीस वर्षं हेच करतेय, मला शिकवतात!

८ फेब्रुवारी, शनिवार

झालं. दोन मिनिटं सत्तेचाळीस सेकंद. गुडघ्यांपासून सुरुवात. खोकला काढला. रस्त्यावरच्या रिक्षांची घरघर आवाजात आली होती की काय म्हणून तीनदा तपासलं. नाही आली. शेवटी उलट्या बाकांवर खिडकीतलं ऊन.

आईला दाखवला. आईचे गुडघे गेल्यापासून ती रविवारची मिस्सा टीव्हीवर बघते आणि सगळी उत्तरं मोठ्याने देते. फादर शेवटी “शांतीने जा” म्हणाले की पडद्याला म्हणते, “कुठे जाऊ बाबा, गुडघे कुठे आहेत?” अशी बाई सहजासहजी रडत नाही. आज रडली. म्हणाली, “एका क्षणात गं! देवाने मनात आणलं की एका क्षणात!”

फादरांना पाठवला. तासाभरात उत्तर — “अप्रतिम!!” दोन उद्गारचिन्हं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चाळीस हजार लोकांनी पाहिला. चाळीस हजार! आमच्या चर्चमध्ये चारशे माणसं बसली तर पंखे पुरत नाहीत. खाली नुसतं आमेन, आमेन, आमेन. एकाने लिहिलंय, “माझ्या भावाला पाठवला.” दुसऱ्याने, “पत्ता मिळेल का?”

पत्ता? सुताराचा पत्ता कशाला हवा यांना?

१७ फेब्रुवारी, सोमवार

कळलं कशाला.

सकाळी सुताराचा फोन. कारखान्यात माणसं येतायत. काल नऊ, आज सकाळीच चार. एक बाई नवऱ्याला ओढत घेऊन आली — “याच्या डोक्यावर हात ठेवा.” सुतार म्हणाला, मी बाकांचे पाय बदलतो, माणसांचं मला काही येत नाही. ती हलेना. शेवटी त्याने हात ठेवला. म्हणतो, “हाताला सरस लागला होता, ताई. तसाच ठेवला. मला इतकी लाज वाटली!”

मग म्हणाला, “मी शाळा फार शिकलो नाही. पण माझं बोलणं मला आठवतं. माझं ‘नाही’ कुठे गेलं?”

मला आधी कळलंच नाही.

फोन ठेवून व्हिडिओ लावला. वेदीसमोर गुडघे टेकले, प्रार्थना केली आणि दारू सुटली. सुरुवातीला हेच, शेवटी परत हेच, आणि लगेच खिडकीतलं ऊन. ‘लोकांना वाटतं’ पुढून गेलं, ‘नाही हो’ मागून गेलं. मधलं वाक्य उरलं, आणि ते आता त्याचंच झालं! माणसाच्या स्वतःच्या तोंडचं उलटं करून ठेवलं!

डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! खोकला काढा, गुडघ्यांपासून सुरू करा, तीन मिनिटांत बसवा — बसवलं! घ्या आता!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गेले फादरांकडे. ऑफिसात दोन फोन चार्जिंगला, भिंतीवर या महिन्याचा तक्ता — कोणत्या दिवशी कोणता व्हिडिओ. मी बसलेच नाही. उभ्यानेच सांगितलं. त्या माणसाने म्हटलं होतं की प्रार्थनेने सुटली नाही, आणि आपण चाळीस हजार लोकांना सांगितलं की सुटली. चर्चच्या नावाने खोटं सांगितलं. “तुम्हीच म्हणालात ना, खोकला काढा, गुडघ्यांपासून सुरू करा?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हो. म्हटलं होतं.”

बस्स, एवढंच! पुढे काही नाही!

“काढून टाका तो.”

तर म्हणाले, “गेल्या शनिवारी अकरा माणसं कन्फेशनला आली, ताई. त्यातली काही वीस-वीस वर्षांनी. हा बघून आली.” आणि मग हळूच, “स्पर्धेचा निकाल लागेपर्यंत थांबू या का?”

स्पर्धा! माणसाच्या तोंडातलं ‘नाही’ चोरायचं आणि बक्षिसाची वाट बघायची! मी म्हटलं, खोट्यावर आलेली अकरा माणसं देवाला नको असतील. ते म्हणाले, “देवाला कोण नको असतं ते तुम्ही-मी ठरवायचं नसतं.” उत्तर चांगलं होतं म्हणून अजूनच संताप आला. दार आपटून आले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

साठ हजार. व्हिडिओ तिथेच आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सुताराची बायको स्टुडिओचा जिना चढून वर आली. याआधी कधी आली नव्हती. खुर्ची दिली तर टोकावर बसली. पर्स मांडीवर घट्ट.

ती सांगू लागली. पलीकडच्या वस्तीतला एक निवृत्त बस ड्रायव्हर. मुलगा सव्वीसचा, पिणारा. मोठ्या मिनतवारीने व्यसनमुक्ती केंद्रात घातला होता. केंद्रातल्या दुसऱ्याच दिवशी बापाने आपला व्हिडिओ पाहिला. बाप गेला आणि मुलाला घरी घेऊन आला. गोळ्या बंद. वेदीसमोर गुडघे टेकवले. दोन दिवसांनी मुलाला फिट आली. एकामागून एक. इस्पितळात आहे. दोन दिवस शुद्ध नव्हती, काल आली.

“तो ड्रायव्हर आमच्या दारात येऊन बसला होता,” ती म्हणाली. “भांडायला नाही. विचारायला. म्हणे, तुम्ही नेमकी कोणती प्रार्थना केली होती? आमची काही चुकली का?”

मग माझ्याकडे बघून, “माझ्या नवऱ्याने सात महिने गोळ्या घेतल्या. मी हातावर मोजून दिल्या. रोज. ते सगळं कापून टाकलंत तुम्ही. मलाच कापलंत.”

मी म्हटलं, मी नाही, फादरांनी सांगितलं होतं.

ती उठून गेली.

२३ फेब्रुवारी, रविवार

मिस्सा संपल्यावर वेदीमागच्या खोलीत शिरले. फादर झगा उतरवत होते, अर्धा डोक्यातच अडकला होता. तेवढ्यातच मुलगा, फिट, इस्पितळ — सगळं सांगितलं. ते झग्यातून बाहेर आले तेव्हा चेहरा पांढराफटक. खिशातून फोन काढला, माझ्यासमोर व्हिडिओ काढून टाकला.

काय उपयोग? लोकांनी उतरवून घेतलाय, पुढे पाठवलाय, स्वतःच्या चॅनेलवर चढवलाय. एका ठिकाणी तर खाली ढोलकी टाकलीय! ढोलकी!

मी म्हटलं, “आता मी बिशपना लिहिणार आहे.”

म्हणाले, “लिहा.”

स्वतःच्या बचावाचा एक शब्द नाही. त्याचाही राग आला. माणसाने निदान भांडावं तरी!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

इस्पितळात जाऊन आले. तिसरा मजला, आठ खाटा, खिडकीजवळची सहावी. मुलगा झोपला होता. हाताला सलाइन, ओठ दाताखाली येऊन फाटलेला. बाप शेजारी स्टुलावर. ताठ बसला होता, हात गुडघ्यांवर, जणू अजून बसमध्येच आहे.

मी कोण ते सांगितलं. वाटलं, आता हा शिव्या घालेल. घालाव्यात. तर त्याने खिशातून फोन काढला.

“हा तुम्हीच केला? छान केलाय. शेवटी ते ऊन येतं ना बाकांवर, तिथे मला दर वेळी भरून येतं.”

मला बसायला जागा नव्हती. भिंतीला टेकले.

“डॉक्टर रागावले मला,” तो म्हणाला. “म्हणाले, गोळ्या अशा एकदम बंद केल्या तर जीव जातो. बरोबरच आहे त्यांचं. पण मी म्हणतो, त्या सुताराचा नाही ना गेला? म्हणजे आमच्यातच काही कमी असणार. आमची श्रद्धाच कमी पडली.”

मी सांगितलं. सगळं. सुतार काय म्हणाला होता, शब्द न् शब्द. डॉक्टर, सात महिने, तीनदा परत. त्याने शांतपणे ऐकलं. मग एकदम म्हणाला, “मग तुम्ही कापलंत कशाला ते?”

फादर तीन-मिनिटं! हे त्यांनी ऐकायला हवं होतं! हा बाप स्वतःच्या श्रद्धेला दोष देतोय, पोराच्या फाटलेल्या ओठाकडे बघून देवाची माफी मागतोय, आणि तक्ता टांगलाय तिकडे भिंतीवर! सोडणार नाही मी. उद्याच पत्र.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पत्राचं पहिलं पान झालं. चांगलं झालं होतं. धारदार. मग वाटलं, फादरांचे शब्द जसेच्या तसे घालावेत, म्हणजे पळवाट नको. फोनमधून तो सहा तारखेचा निरोप काढला. या वेळी साध्या वेगाने, पेन हातात घेऊन.

सुरुवात गुडघ्यांपासून करा. खोकला काढा. तीन मिनिटांच्या आत आणा. लिहून घेतलं. पुढे चालू राहिला.

“…आणि ताई, एक गोष्ट मात्र सांभाळा. बाकी काहीही गेलं तरी चालेल, पण त्याचं ते ‘नाही हो’ ठेवा. अगदी तीनाची सव्वातीन मिनिटं झाली तरी चालतील. सगळी साक्ष त्या ‘नाही’त आहे. डॉक्टरांचं आणि बायकोचं एक-एक वाक्य तरी हवंच. नाहीतर लोकांना वाटेल जादू आहे…”

परत लावला. परत तेच.

सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं होतं.

कापलं मी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पत्र फाडलं. दुसरं काही केलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

गेले. या वेळी बसले. फोन टेबलावर ठेवून निरोपाचा तो भाग लावला. फादरांनी मध्येच बंद केला. “माहीत आहे मला, मी काय बोललो ते.”

“मग त्या दिवशी का नाही बोललात? मी एवढी ओरडत होते!”

म्हणाले, “कारण व्हिडिओ चढवला कोणी? मीच ना. चढवण्याआधी मी तो पाहिला, ताई. ‘नाही’ नाहीये हे मला पहिल्याच वेळी कळलं. तुम्हाला फोन करायला हातात फोन घेतलासुद्धा. मग वाटलं… किती छान झालाय! किती लोक बघतील! राहू दे. तुम्ही कदाचित चुकून कापलंत. मी बघून-सवरून ठेवलं.”

चुकून. तो शब्द मला कुठेतरी टोचला.

भिंतीवरचा तक्ता काढलेला होता. चिकटपट्टीचे चार डाग तेवढे राहिले होते.

२ मार्च, रविवार

दोघं मिळून सुताराकडे गेलो. फादरांनी झगा घातला नव्हता, साधा शर्ट. दोघांनी आपापलं सांगितलं. फादर माफी मागताना उभे राहिले तर सुतार घाबरून स्वतःच उभा राहिला, मग बायको उभी राहिली, मग मीही. चौघं उभे, मध्ये उलटी बाकं! एरवी हसले असते.

सुतार म्हणाला, “मी काय धुतल्या तांदळासारखा आहे? मीसुद्धा तो तीनदा पाहिला. पहिल्या दिवशीच कळलं, माझं अर्धं बोलणं गायब आहे. पण ते असं ऐकायला इतकं बरं वाटलं! वाटलं, खरंच असं झालं असतं तर? नऊ दिवस गप्प बसलो. माणसं दारात यायला लागली तेव्हा तुम्हाला फोन केला.”

बायको म्हणाली, “मला मात्र पहिल्या मिनिटापासून राग आला होता. पण मला विचारलं कोणी?”

कोणीच नाही. तिला कोणीच विचारलं नव्हतं.

ठरलं : चौदा मिनिटं, जशीच्या तशी. खोकल्यासकट. आणि बायकोचं वेगळं चित्रण, गोळ्यांचं, तिच्या तोंडून. ती लगेच तयार झाली, फक्त म्हणाली, “मी मात्र कॅमेऱ्याकडेच बघणार. सरळ.”

८ मार्च, शनिवार

पूर्ण व्हिडिओ चढवला. बायकोची सहा मिनिटं धरून वीस मिनिटं. सुरुवातीला फादर स्वतः — आधीचा व्हिडिओ खोटा होता, तो तसा लोकांपुढे ठेवणं ही माझी चूक, कोणीही त्याच्या भरवशावर औषध सोडू नये. माझं नाव घेतलं नाही. मी घ्या म्हटलं होतं. घेतलं नाही!

संध्याकाळपर्यंत एकशे नव्वद जणांनी पाहिला. खाली एक जण म्हणतो, “फार लांब.” दुसरा म्हणतो, “जुनाच बरा होता.” जुनाच बरा होता! यांना काय मारावं का आरती करावी!

११ मार्च, मंगळवार

आणि यावर कळस — बिशप हाउसचं पत्र. प्रथम क्रमांक! त्या दोन मिनिटं सत्तेचाळीस सेकंदांना! ‘सुवार्ता पोचवण्याचा आदर्श नमुना.’

फादरांनी माझ्यासमोर फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं, बक्षीस नको म्हटलं. पलीकडचे संपर्क विभागाचे मोठे फादर जराही विचलित नाहीत. “अहो, थोडा भाग कमी-जास्त झाला तर बिघडलं काय? संदेश तर पोचला ना?”

आमचे फादर म्हणाले, “हो. एक संदेश इस्पितळात पोचला. तिसरा मजला, सहावी खाट.”

फोन ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. मनात आलं, या माणसाला मी तीन-मिनिटं म्हणायला नको. मग वाटलं, म्हणते. सवय झाली आहे. पण आता त्यात विष नाही.

१३ मार्च, गुरुवार

ड्रायव्हरच्या मुलाला घरी सोडलं. परत केंद्रात जाणार आहे, स्वतःच्या पायांनी. जाण्याआधी आज सुतार त्याला गुरुवारच्या मीटिंगला घेऊन गेला. जाताना माझ्या स्टुडिओत डोकावला. मुलगा खालीच थांबला होता.

सुतार दारात उभा राहून म्हणाला, “ताई, तुम्हीपण या एकदा.”

म्हटलं, तिथे शूटिंग करू देतात?

“कॅमेरा नको. नुसत्या या.”

मी म्हटलं, मला कशाला? त्याने माझ्याकडे बघितलं — चित्रणाच्या दिवशी बघत होता तसंच — आणि म्हणाला, “पुढच्या गुरुवारी. शाळेच्या मागच्या खोलीत, सहा वाजता.”

काय समजतो हा स्वतःला? कोणालाही काहीही म्हणायचं? तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मला कशाला बोलावलं याने? मी काय केलंय? माझं काम कधी एक दिवस अडलंय? कोणी म्हणून दाखवावं!

२० मार्च, गुरुवार

गेले होते.

अकरा माणसं होती. माझी पाळी आली. म्हटलं, मी पिते. रोज. नऊ वर्षं झाली. आईला सांगितलेलं नाही, या वहीतसुद्धा आजवर एक अक्षर नाही. आणि ते ‘नाही’ खोकल्यापायी गेलं नव्हतं. प्रार्थना केली आणि दारू सुटली — मी ते वाक्य तेवढंच ठेवलं, परत परत लावून ऐकलं. मला ते तसंच हवं होतं.

आईच्या खोलीत टीव्ही चालू आहे. आत जाऊन सांगते तिला.